खानदेशी बोलींचा विद्यार्थी-अंक आम्ही कसा काढला

विद्यापीठात विद्यार्थ्यांनी वाङ्मयीन अंक काढायचा म्हणजे नक्की काय काय करावं लागतं, हे आम्ही सुरुवात केली तेव्हा कुठेही लिहिलेलं मिळालं नाही. जुन्या अंकांची संपादकीयं भरपूर वाचली. पण टिपणी (मंजुरीसाठीचा कार्यालयीन कागद) कुणाच्या सहीने पुढे जाते, दरपत्रकं कधी मागवायची, अक्षरजुळणी करणाऱ्याने 'डोया'चा 'डोळा' करून टाकू नये म्हणून काय करायचं, हे त्यात नसतं. आमचा अंक मार्च २०२५ मध्ये आला. हिशेब, देयकं, प्रमाणपत्रं सगळं जमा झालंय. आठवणी ताज्या आहेत तोवर क्रमाने लिहून ठेवते. पुढच्या कुणाला उपयोग होईल.

आम्ही पुण्यातल्या एका विद्यापीठात मराठीत एम.ए. करत होतो. मी शिंदखेडा तालुक्यातली. वर्ग आणि वसतिगृह मिळून खानदेशातली बरीच मुलं होती: साक्री, अमळनेर, चोपडा, यावल, शिवाय बागलाणातल्या सटाण्याचे दोघे आणि धडगावचा एक मित्र, ज्याच्या घरी पावरी ही सातपुड्यातली आदिवासी बोली बोलतात. मेसमध्ये जेवताना आमची अहिराणी चालायची आणि वर्गात स्वतःची कविता वाचायची वेळ आली की सगळे प्रमाण मराठीत वाचायचे. जुलै २०२४ मध्ये सत्र सुरू झालं त्या आठवड्यात साक्रीच्या मित्राने हे बोलून दाखवलं. घरी आईशी ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत लिहीत का नाही, असं त्याने विचारलं. कुणाकडेच उत्तर नव्हतं. अंकाची कल्पना त्या जेवणातच निघाली. तो खानदेशापुरता ठेवायचा, त्यात अहिराणी, जळगावकडची लेवा गणबोली, भिली, पावरी घ्यायच्या आणि सोबत या भागाबद्दल मराठीत लिहिलेलंही घ्यायचं, एवढं त्याच रात्री ठरलं.

मराठीत असे छोटे अंक नवे नाहीत. साठच्या दशकात लघुनियतकालिकांची लाटच आली होती, आणि आमच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे तेव्हा 'वाचा' काढत होते. पण ती मंडळी स्वतःच्या खिशातून काढायची. आम्हाला विद्यापीठाचे पैसे हवे होते, म्हणजे विद्यापीठाची कागदपत्रंही आलीच.

विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की तोंडी काही नको, दोन पानांचा प्रस्ताव आणा. त्यात काय असावं हेही त्यांनीच सांगितलं: अंकाचा उद्देश, अंदाजे पानं, प्रतींची संख्या, अंदाजपत्रक, संपादक मंडळातल्या विद्यार्थ्यांची नावं, आणि जबाबदार शिक्षक कोण. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. विद्यार्थ्यांच्या नावावर रक्कम निघत नाही, ती शिक्षकाच्या नावावर अग्रिम (आगाऊ रक्कम) म्हणून निघते किंवा थेट मुद्रकाला जाते. त्यामुळे सही करायला तयार असलेले शिक्षक आधी शोधा, बाकीचं नंतर. आमच्या विभागातल्या एका सरांनी जबाबदारी घेतली आणि शेवटपर्यंत निभावली.

प्रस्ताव आवक-जावकमध्ये दिला की पोच घ्यायची, त्यावरचा आवक क्रमांक आणि तारीख फोनमध्ये फोटो काढून ठेवायची. नंतर जिथे जाल तिथे पहिला प्रश्न 'आवक क्रमांक काय?' हाच असतो. तो सांगता आला की शिपाई मामा रजिस्टर उघडून फाइल कोणत्या टेबलावर आहे ते लगेच सांगतात. आमच्या मजल्यावरच्या मामांनी तर कुठला साहेब कोणत्या वेळी सह्या करतो तेही सांगून ठेवलं होतं. त्याने आमच्या कितीतरी खेपा वाचल्या.

ऑगस्टच्या शेवटी फाइल एका शेऱ्यासह परत आली. मराठी विभागाच्या अंकात भिली आणि पावरी कशासाठी, असा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर लिहिताना आम्हालाच आपला अंक नीट समजला. ब्रिटिश काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशी (म्हणजे मुख्यतः अहिराणी) ही मराठीच्या खंडात नाही, ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली भाषांबरोबर आहे. तो भाग १९०७ मध्ये निघाला. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे आणि तिचे भाषक अठरा लाखांवर आहेत. दुसरीकडे आमच्या गावांत बाजार, शाळा, लग्न, देव सगळं मराठी, अहिराणी आणि भिली यांच्या सरमिसळीत चालतं. सातपुड्यातली माणसं शहाद्याच्या बाजारात येतात, दुकानदार त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलतो. अंक प्रदेशाचा आहे, म्हणून त्या प्रदेशात जे जे बोललं जातं ते त्यात येणार, असं आम्ही अर्ध्या पानात लिहून दिलं. मॅडमनी त्यावर 'शिफारस' लिहून सही केली. सप्टेंबरच्या मध्यावर चाळीस हजार रुपयांची मंजुरी आली. त्या दिवशी आम्ही सगळे इतके खूश होतो की मंजुरीच्या पत्राचा फोटो घरोघरच्या ग्रुपवर गेला.

मंजुरीची वाट बघत बसायचं नाही हे मात्र आधीच ठरलं होतं, कारण श्रावण थांबत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. रात्रभर बायका गातात आणि सोमवारी सकाळी विसर्जन असतं. ती गाणी हवी तर त्याच दिवशी तिथे असायला हवं. आमच्यातले जे घरी जाऊ शकत होते ते ११ ऑगस्टला आपापल्या गावी गेले. प्रवास ज्याचा त्याने केला. पुण्याहून धुळ्याची एसटी, पुढे मिळेल ते.

फोनवर गाणी घेताना काही गोष्टी आम्ही पाळल्या आणि त्या फार कामी आल्या. आधी विचारायचं, मग रेकॉर्डिंग सुरू करायचं. फोन विमान मोडवर टाकायचा, म्हणजे मध्ये कुणाचा कॉल येत नाही. पंखा बंद करायचा. गाणं संपल्यावर त्याच रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्या बाईंचं नाव, सासरचं गाव आणि माहेरचं गाव त्यांच्याच तोंडून बोलून घ्यायचं. माहेरचं गाव विचारायला सहसा कुणाला सुचत नाही. पण गाणं बऱ्याचदा माहेरून येतं आणि बोलीही तिकडचीच असते. पारोळ्याकडची लेक शिंदखेड्यात नांदत असेल तर तिची ओवी शिंदखेड्याची म्हणून छापणं बरोबर नाही.

आणि श्रेय. लोकगीतांच्या पानावर खाली 'संकलन' म्हणून फक्त विद्यार्थ्याचं नाव छापलेलं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मला ते कधीच पटलं नाही. आमच्या अंकात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर गाणाऱ्या बाईंचं नाव आणि गावं आहेत, लिहून घेणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत शेवटी. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्या मुलांनी कागदावर उतरवल्या म्हणून राहिल्या, आणि त्या बहिणाबाईंच्या नावाने राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये ओव्यांचं पुस्तक निघालं. आम्हाला त्यांची एक कविता मुखपृष्ठाच्या आत छापायची होती, तेव्हा सरांनी कायदा समजावला: लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्याचं स्वामित्व (कॉपीराइट) प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतं, म्हणजे इथे ते २०१२ च्या अखेरीला संपलं. हयात कवींच्या किंवा अलीकडे गेलेल्यांच्या कवितांसाठी मात्र लेखी परवानगी लागतेच. परवानगी ईमेलवर घेतली तरी चालते, तिची प्रत फाइलला लावा.

लेखन मागवणारं आवाहन १ ऑक्टोबरला दिलं. त्यात एक वाक्य मुद्दाम मोठ्या अक्षरांत होतं: जसं बोलता तसं लिहा, शुद्धलेखनाची काळजी आमच्यावर सोडा. त्या एका वाक्याने जी मुलं कधीच काही पाठवत नव्हती त्यांनी पाठवलं. वहीच्या पानांचे फोटो आले, व्हॉट्सॲपवर टाइप केलेल्या कविता आल्या, आणि धडगावच्या मित्राने गावातून आवाजाचे संदेश पाठवले. त्याच्या पाड्यावर नेटवर्क मिळत नाही, तो शहाद्याला उतरला की सगळे संदेश एकदम यायचे. मग आम्ही मेसच्या टेबलावर हेडफोन लावून ऐकत बसायचो.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. नवीन कार्यादेश (काम देण्याचे लेखी आदेश) निघणार नाहीत, असं लेखा विभागातून कळलं. २३ नोव्हेंबरला निकाल लागले, आणि आचारसंहिता उठल्यावरच पुढचे कागद हलले. आम्ही तो काळ निवडीत घालवला. दिवाळीच्या सुट्टीत सगळं साहित्य टाइप करून नावं झाकली, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि संपादक मंडळातल्या सगळ्यांनी ते स्वतंत्रपणे वाचलं. बोलीतलं साहित्य वाचायला ती बोली येणारे निदान दोघं हवेत असा नियम होता. पावरीसाठी आमच्याकडे एकच जण होता, म्हणून त्याने नंदुरबारच्या एका प्राध्यापकांना ऐकवून मत घेतलं.

ज्यांचं घेतलं नाही त्यांना कळवणं मला सगळ्यांत जड गेलं. पहिल्यांदाच बोलीत लिहिणाऱ्या मुलीला 'नाकारलं' असं कळवलं तर ती पुन्हा लिहील का, ही धास्ती होती. आम्ही प्रत्येकाला वेगळं लिहिलं, त्यात तिच्या लेखनातली एक ओळ उचलून ती का आवडली ते सांगितलं. वेळ गेला, पण त्यातल्या काही जणींनी नंतर प्रूफं तपासायला मदत केली.

आता लेखनपद्धतीबद्दल, कारण बोलीतल्या अंकाचं खरं काम इथे असतं. अहिराणीला ठरलेलं शुद्धलेखन नाही. 'करी राह्यनी' हेच एकीने 'करी रायनी' लिहिलं, दुसरीने 'करी ऱ्हायनी'. कुणी 'शे' लिहिलं, कुणी 'से'. आधी आम्हाला वाटलं सगळ्या अंकात एकच रूप करावं, वाचायला सोपं पडेल. दोन संध्याकाळी त्यावर वाद झाला. सटाण्याच्या मित्राचं म्हणणं होतं की बागलाणची अहिराणी धुळ्याच्या साच्यात बसवली तर त्याच्या गावची माणसं अंक वाचून म्हणतील, हे आपलं नाही. तो बरोबर होता. शेवटी असं ठरलं की एका लेखात लेखकाचं एकच रूप सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहील, पण दोन लेखांत वेगवेगळी रूपं असतील तर असू द्यायची. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात गावोगावची ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर मोफत ऐकायला मिळतात. अडलं की आम्ही ती ऐकायचो. कुणालाही बोलीवर काम करायचं असेल तर तिथून सुरुवात करावी असं मी सांगेन.

भाषांतराचंही ठरवावं लागलं. अहिराणी आणि लेवा बोलीतल्या मजकुराला भाषांतर दिलं नाही, फक्त पानाखाली अवघड शब्दांचे अर्थ दिले. मराठी वाचकाला थोडं थांबून वाचलं की ते कळतं, आणि त्याने थोडं थांबावं अशीच आमची इच्छा होती. भिली आणि पावरीला समोरच्या पानावर मराठी दिलं.

डिसेंबरमध्ये अक्षरजुळणी सुरू झाली. नारायण पेठेतल्या एका छोट्या डीटीपीवाल्या काकांनी पानाला पन्नास रुपये सांगितले. ते श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत काम करायचे, आम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं होतं. फॉन्ट बदलताना 'ऱ्ह', 'ऱ्य' आणि रफार हमखास बिघडतात. त्यामुळे पहिलं प्रूफ आलं की आधी फक्त ही अक्षरं शोधायची, मजकूर नंतर वाचायचा. दुसरी अडचण वेगळी होती. काकांनी तीस वर्षं मराठी पुस्तकं जुळवली आहेत, त्यांचा हात आपोआप प्रमाण मराठीकडे वळायचा. 'पानी'चं 'पाणी', 'डोया'चं 'डोळा', 'काया'चं 'काळा'. त्यांचा त्यात काही दोष नाही, इतक्या वर्षांची शिस्त आहे ती. आम्ही त्यांना शब्दांची यादी करून दिली आणि 'ण' व 'ळ' आमच्या अहिराणी पानांवर सहसा नसणार, दिसले तर विचारा, असं सांगितलं. पुढच्या पानांवर त्यांनी स्वतःच काही जागा पेन्सिलने गोल करून ठेवल्या. नंतर म्हणाले, "बेटा, हे वाचताना मला आमच्या कामावरच्या मुलाची भाषा ऐकू येते." तो मुलगा अमळनेरचा निघाला.

बोलीचं प्रूफ डोळ्यांनी तपासून भागत नाही, ते कानाने तपासावं लागतं. ज्यांच्याकडून गाणी घेतली होती त्यांना आम्ही फोन लावून छापील पान वाचून दाखवलं. माझ्या मावशीच्या जावेने कानबाईची गाणी दिली होती. दुपारी भांडी आवरल्यावर त्या फोन घ्यायच्या. मी एक ओळ वाचायचे, त्या गप्प राहिल्या तर पुढची वाचायची. एका ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "आसं नही म्हनतस वं बेटी." मग त्यांनी ती ओळ गाऊन दाखवली. मी बोलून वाचत होते म्हणून एक अक्षर कमी पडत होतं. गाताना तिथे एक 'वं' येतो, त्याच्याशिवाय चाल बसत नाही. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तेव्हा तो स्पष्ट होता. लिहून घेणाऱ्याने तो आळवणी समजून सोडून दिला होता. मग आम्ही सगळी गाणी पुन्हा ऐकली. त्या शेवटी म्हणाल्या की मना नाव छापशाल ते गावना नाव बी छापा. दोन्ही छापली आहेत.

जानेवारीत मजकूर तपासणी समितीपुढे सगळी पानं ठेवली. विद्यापीठाच्या नावाने काही छापायचं तर हा टप्पा असतोच. लग्नातल्या एका गाण्यात विहिणीला दिलेल्या शिव्या होत्या, त्यातले दोन शब्द काढावेत असं सुचवलं गेलं. आम्ही एक पान लिहून दिलं: ही गाणी कोणत्या विधीत म्हणतात, कोण म्हणतं, समोरच्या पक्षाकडून उत्तर कसं येतं. ज्या बायकांनी गाणी दिली त्यांना विचारून त्यांची हरकत नसल्याचंही त्यात लिहिलं. समितीने गाणं तसंच ठेवलं, फक्त आमचं ते स्पष्टीकरण टीप म्हणून छापायला सांगितलं. टीप छापल्यामुळे पान खरोखर सुधारलं. अशा वेळी भांडण्यापेक्षा लेखी संदर्भ द्यावा.

नोंदणीचा प्रश्नही याच सुमारास निघाला. १८६७ च्या छापखाना कायद्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. त्यात नियतकालिक म्हणजे ठरावीक काळाने निघणारं, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असलेलं प्रकाशन. आमच्या अंकात बातम्या नाहीत, तो विकायचा नाही, वर्षातून एकदाच निघतो. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाचं लेखी मत घेऊन आम्ही 'खासगी वितरणासाठी' असं श्रेयपानावर छापलं. तुमच्या अंकात चालू घडामोडींवर लेख असतील किंवा तो दर तिमाहीला काढून विकायचा असेल तर आधी विचारून घ्या. संशोधन करणाऱ्या मित्रांनी आयएसएसएनबद्दल, म्हणजे नियतकालिकांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाबद्दल, विचारलं. तो क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, पुस्तकाचा आयएसबीएन राजा राममोहन रॉय संस्थेकडून. दोन्हीला शुल्क नाही. 'मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

छपाईसाठी तीन सीलबंद दरपत्रकं लागतात. ती मागवताना तपशील आपणच लिहून द्यायचा, नाहीतर प्रत्येक मुद्रक वेगळ्या कागदाचा दर देतो आणि तुलनाच होत नाही. आमचा तपशील असा होता: डेमी आकार, ९६ पानं म्हणजे सोळा पानांचे सहा फॉर्म, आत ७० जीएसएम मॅपलिथो, एकरंगी, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, चाररंगी, मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग, ५०० प्रती, विभागात पोहोच, दर सर्व करांसह. 'सर्व करांसह' हे शब्द विसरू नका. पानं सोळाच्या पटीत बसवा, दोन पानं वाढली तरी खर्च फॉर्मचा वाढतो. सर्वांत कमी दर ३१,२०० आला, सर्वांत जास्त ३८,०००. तुलनात्मक तक्ता सरांनी केला, खरेदी समितीच्या सह्या झाल्या आणि १० फेब्रुवारीच्या सुमारास कार्यादेश हातात आला. अक्षरजुळणीचे ४,८०० धरून खर्च ३६,००० झाला. मुखपृष्ठाचं चित्र चोपड्याच्या मैत्रिणीने काढलं, तिने पैसे घेतले नाहीत.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रकाशन करायचं मनात होतं. कार्यादेश आणि त्या दिवसामध्ये इतके थोडे दिवस होते की मुद्रकाने स्पष्ट सांगितलं, घाई केली तर बाइंडिंग सुटेल. आम्ही तारीख पुढे नेली. त्या दिवशीच्या विभागाच्या कार्यक्रमात डमीवरून (छपाईआधीच्या नमुना प्रतीवरून) चार कविता वाचल्या. साक्रीच्या मित्राने पहिल्यांदा विद्यापीठाच्या मंचावर अहिराणीत वाचलं आणि समोर बसलेल्या एका कर्मचारी ताईंनी पहिल्या ओळीलाच मोठ्याने दाद दिली. त्या पाचोऱ्याच्या होत्या, आम्हाला इतके महिने माहीतच नव्हतं.

डमी हाती आली की ती पान क्रमाने उलटून बघा, समोरासमोरची भाषांतरं खरोखर समोरासमोर येतात का ते तपासा. डाव्या-उजव्या पानाचा घोळ संगणकाच्या पडद्यावर लक्षात येत नाही. छापील प्रती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. गठ्ठे सोडले तेव्हा ताज्या शाईचा वास खोलीभर पसरला आणि जो तो आपलं नाव सोडून गावाचं नाव शोधत होता. प्रकाशनाला गाणाऱ्या बायकांपैकी तिघी आल्या, एसटीने, मुलांना घेऊन. सत्कार त्यांचाच केला.

खरी धावपळ त्यानंतरची. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्याआधी देयक लेखा विभागात पोहोचलं नाही तर रक्कम परत जाते. देयकासोबत कार्यादेशाची प्रत, तुलनात्मक तक्ता, प्रती मिळाल्याची पोच, साठा नोंदवहीतली नोंद आणि तिचा पान क्रमांक देयकाच्या मागे, अंकाच्या दोन प्रती, एवढं लागतं. साठा नोंदवही कुणाकडे असते ते आधीच विचारून ठेवा. आमच्याकडे ती ग्रंथालयात होती आणि ग्रंथालयाचा हिशेबही मार्चअखेरीचाच होता. देयक २० तारखेनंतर लगेच गेलं, मुद्रकाला पैसे एप्रिलमध्ये मिळाले. रक्कम मंजूर कामावरच खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सरांची सही झाली आणि उरलेले चार हजार वितरणाला वापरायची परवानगी वेगळी टिपणी टाकून घेतली.

वितरणात पोस्टाचा प्रश्न आला. छापील पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली होती. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून, पण नियतकालिक स्वरूपाचं किंवा जाहिराती असलेलं साहित्य त्यात चालत नाही. म्हणून बहुतेक प्रती सुट्टीत घरी जाणाऱ्यांच्या बॅगांतून गेल्या. लेखकाला दोन प्रती, गाणाऱ्या प्रत्येक बाईला दोन, गावच्या शाळेला एक. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला प्रत हाताने नेऊन दिली, १९२७ पासूनची ती संस्था आहे, तिथे अंक असणं आम्हाला फार मोलाचं वाटतं. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक, चेन्नईचं कन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी ही चार ठिकाणं आहेत. प्रकाशन विभागामार्फत तिकडेही प्रती गेल्या.

पुढच्या तुकडीसाठी एक फाइल करून ठेवली आहे: प्रस्तावाचा नमुना, दरपत्रकाचा तपशील, परवानगीचं पत्र, शब्दांची यादी, सगळी रेकॉर्डिंगं दोन ठिकाणी. दुसऱ्या अंकाचं साहित्य या अखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) गोळा होऊ लागलंय. झोक्यावरची गाणी शिंदखेडा आणि पारोळ्याकडून आली आहेत. धडगावच्या मित्राने अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीची गाणी मार्चमध्येच घेऊन ठेवली होती, ती अजून कागदावर उतरायची आहेत. पावरी ऐकून देवनागरीत लिहू शकणारी आणखी माणसं हवी आहेत. तुमच्या माहितीत कुणी असेल तर अंकाच्या नव्या मंडळाला कळवा, मराठी विभागात ते रोज संध्याकाळी पाचनंतर भेटतात.